उन्हात वाळवलेले सेल

आमच्या घरी जेवणाचं टेबल आहे, चांगलं सागवानी. पण त्यावर जेवायचं भाग्य मला सणासुदीलाच लाभतं. एरवी तिथं माझ्या बायकोचा, किशोरीचा, दुसरा संसार मांडलेला असतो. सोल्डरिंगचं पेन, मल्टिमीटर, तारांची भेंडोळी, आणि माझ्या आईचा पितळी मसाल्याचा डबा. त्यातल्या जिऱ्या-मोहरीच्या वाट्यांत आता रेझिस्टर आणि कपॅसिटर असतात. एकदा मी घाईत फोडणीसाठी त्या डब्यात हात घातला होता. त्याविषयी जास्त बोलत नाही.

या सगळ्याच्या मधोमध तिचा लाडका ऑसिलोस्कोप. तळोज्याच्या भंगारवाल्याकडून आणलेली ही जडशीळ पेटी तारेतून आलेली विजेची थरथर पडद्यावर हिरव्या रेघेत दाखवते. रविवारी दुपारी मी सोफ्यावर पेंगत असतो, तळ्यावरून वारा येत असतो, आणि ही बया त्या रेघेकडे टक लावून बसलेली. काय बघतेस म्हणून विचारलं तर म्हणते, "काही नाही हो, छान वाटतं." मीही मग अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघत राहतो. खोटं कशाला बोलू, मलाही छान वाटतं.

किशोरी काही इंजिनियर वगैरे नाही. पनवेलला बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसते. स्क्रू आणि बिजागऱ्या विकता विकता तिला हे वेड लागलं. आता तिचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. तिथं कुठून कुठून लोक विचारतात, ताई, पहिला मल्टिमीटर कोणता घेऊ? ताई, कपॅसिटर फुगलाय, चालेल का? ताई, स्पीकरमधून घुं घुं आवाज येतो, काय करू? हिचं उत्तर ठरलेलं. आधी मोज, मग बोल. माझ्याशी मात्र न मोजताच बोलते. असो.

आमची कोळीण साळू. उरणहून मासळी घेऊन येते आणि बाजारात बसते. भांडखोर, पण मनाची मऊ. वजनात एक बोंबील जास्तीचा टाकणार आणि वर आपल्यालाच ऐकवणार. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती मासळीची पाटी घेऊन थेट आमच्या दारात आली. पाटीत पापलेटाशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक कॅसेट होती.

"वैनी, माज्या आयचा आवाज हाय ह्यात," ती म्हणाली. "खरखर काडून द्याल का?"

साळूची आई गुणाबाई धवलारीण होती. कोळ्यांकडे लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी बाई असते, ती गाते तेव्हाच हळद लागते, तिचा मान भटजीइतकाच. साळू लहान असताना एका चुलतभावाच्या लग्नात कुणीतरी गुणाबाईंचं गाणं टेप केलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून साळूसाठी आई म्हणजे ही कॅसेट.

आता साळूच्या लेकीचं, मोनालीचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. पोरीचा एकच हट्ट, धवले माझ्या आईनंच गायचे.

"मग गा की!" मी म्हटलं.

साळू माझ्यावरच उखडली. "गा की म्हनं! दादा, पोर व्हते तवापासून या क्यासेटसंगं गाते मी. सुरुवातीला जमतंय. पुडं गला तानतो, आनि शेवटच्या कडव्याला फुटतोच. आयचा गला मना नाय आला. नशीब एकेकाचं." एवढं बोलून ती पाटीतली पापलेटं उगाचच इकडची तिकडे करू लागली. मांडवात स्पीकरवर कॅसेटच लावायची, असं तिनं ठरवलं होतं.

किशोरीनं काम मनावर घेतलं. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि आठवडाभर संध्याकाळी कानाला हेडफोन लावून बसली. गाण्याखाली एकसारखी घुं घुं होती, मांडवातल्या ट्यूबलाइटची आणि लाउडस्पीकरची. तिनं ती काढून टाकली. खरखरही काढली. गाणं असं लख्ख झालं की मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या त्यासुद्धा ऐकू आल्या. मला वाटलं, झालं, आता टेबल मोकळं!

कसलं मोकळं! रविवारी साळू ऐकायला आली ती मामाला घेऊन. धर्मराजमामा, गुणाबाईंचे धाकटे भाऊ, जन्म होडीवर गेलेला. साळू पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मामा मात्र मान हलवत होते.

"आवाज तिचाच," ते म्हणाले. "पन ही गुनाबाय नाय. गुनाबायचा गला जाड व्हता. ही कोन चिमनी?"

साळू भडकली. "मामा, तुमचे कान गेलं इंजिनापायी! आयचा आवाज मना ठावं नाय का?"

"तुना क्यासेट ठावं हाय गो," मामा शांतपणे म्हणाले.

किशोरीनं लगेच गाण्याची गती थोडी कमी करून लावली. मामा म्हणाले, अजून थोडी. अजून केली तर म्हणाले, ही जास्त झाली, रेडा गातोय. मग पुन्हा वर, पुन्हा खाली. शेवटी म्हातारा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आता मलाच आटवत नाय. तुमी घोळ घातला." साळू पाटी उचलून गेली. खरी आई कुठली हेच तिला आता कळेना, आणि लग्न तोंडावर आलेलं.

किशोरी आठवडाभर चिडचिडत होती. "अंदाजानं कुणाची आई करून देऊ का मी? मोजायचं कशावरून? त्या आवाजाचा दुसरा पुरावाच नाही!" मी म्हटलं, जाऊ दे, होतं तसं देऊन टाक. त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं चहा करायला गेलो.

पुढच्या रविवारी दुपारी मी सोफ्यावरच होतो. आभाळ भरलेलं, खिडकीतून ओलसर उजेड येत होता, तळ्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं. किशोरी उगाचच ऑसिलोस्कोप लावून बसली होती. विचारात असताना तिचं बोट तारेच्या उघड्या टोकाला लागलं आणि पडद्यावर नेहमीसारखी मोठी, संथ लाट उठली. भिंतीतल्या वायरींतून वीज जाते, तिची थोडी थरथर आपल्या अंगालाही लागलेली असते, बोट लावलं की ती दिसते. मला ती लाट फार आवडते. आपण आहोत, घर आहे, सगळं ठीक चाललंय, असं काहीतरी वाटतं बघून. मी त्या लाटेवर तरंगत झोपेत शिरत होतो.

"अहो!" किशोरी ओरडली. "अहो, ती घुं घुं!"

मी धडपडून उठलो. मला वाटलं, शॉक बसला हिला.

"मी मूर्ख आहे, मूर्ख! मोजायचं तेच मी पुसून टाकलं!"

तिनं मला समजावलं ते असं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा थरथरते. थोडं इकडंतिकडं होतं, पण पन्नासच. तेव्हाही पन्नास आणि आजही पन्नास. म्हणजे मांडवातल्या ट्यूबलाइटची घुं घुं जर कॅसेटमध्ये पन्नास भरली, तर आवाज खरा. जास्त भरली, तर गाणं पळतंय, आणि किती पळतंय तेही कळतं.

मूळ कॅसेट पिशवीतून पुन्हा निघाली. आमचा टेपरेकॉर्डर बरोबर चालतोय का ते तिनं आधी तपासलं. मग कॅसेट लावली. गाण्याच्या सुरुवातीला घुं घुं भरली त्रेपन्न. आम्ही दोघं आकड्याकडे बघत होतो. गाणं पुढे सरकलं तसा आकडा चढत गेला, चोपन्न, छप्पन्न. शेवटच्या कडव्याला अठ्ठावन्न.

किशोरी खुर्चीत मागे रेलली. मग अचानक दचकून म्हणाली, "मांडवात जनरेटर असला तर? त्याचा काही भरवसा नसतो." लगेच मामांना फोन.

"कसला जनरेटर, बाय!" मामा पलीकडून हसले. "सरळ खांबावर आकडा टाकलेला. समद्या गावात तसाच."

"आणि मामा, टेपरेकॉर्डर कशावर चालत होता?"

"सेलवर. सेल संपलेलंच व्हते, पन लग्नाच्या गडबडीत नवे कोन आनतो? मीच पत्र्यावर उनात वालवून परत घातले. का गो?"

आता सगळं कळलं. उन्हात तापवलेले सेल थोडा वेळ जीव धरतात आणि मग सुटत जातात. टेपरेकॉर्डर हळूहळू मंदावत गेला. मंद टेपवर भरलेलं गाणं चांगल्या टेपवर लावलं की पळतं आणि चढतं. सेल जसे मरत गेले तशा गुणाबाई वर वर जात राहिल्या. शेवटच्या कडव्यात तर त्या हार्मोनियमच्या जवळजवळ तीन पट्ट्या वर पोचल्या होत्या, जिथं त्या स्वतः जन्मात कधी गायल्या नसतील. आणि त्यांची पोर इतकी वर्षं ती पट्टी गाठायला बघत होती. मला इतका राग आला म्हणून सांगू! कुणावर काढायचा तेच कळेना.

किशोरीनं जागोजागी गती उतरवत घुं घुं पन्नासावर आणली. आणि या वेळी तिनं ती पुसली नाही.

साळू आणि मामा आले. साळू यायला तयारच नव्हती, मामांनी ओढून आणली. "लावा काय ते," म्हणाली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. किशोरीनं गाणं लावलं.

घरात एक जाड, संथ, पिकलेला आवाज आला. "हीच," मामा म्हणाले.

साळूनं डोळे मिटले होते. पहिल्या कडव्यात तिच्या गळ्यातून नुसती गुणगुण आली. दुसऱ्यात शब्द आले. सवयीनं तिनं मान ताठ केली, गळा ताणायची तयारी केली, पण ताणायला काही नव्हतंच. आवाज आपसूक बसत होता. दोन आवाज एकमेकांत इतके मिसळले की कुठला कुणाचा ते मला सांगता येईना. किशोरीला येत असावं. तिनं हळूच हात पुढे केला आणि आवाजाचं बटण मागे फिरवायला सुरुवात केली. थोडं, मग आणखी थोडं, पार बंद होईपर्यंत. शेवटचं कडवं आलं आणि गेलं. कुठे काही फुटलं नाही.

गाणं संपल्यावर साळूनं डोळे उघडले. "आय काय गात व्हती गो!" ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"साळू," किशोरी म्हणाली, "कॅसेट मी दुसऱ्या कडव्यालाच बंद केली."

साळूनं गाल पुसले. "मंग गात कोन व्हतं?"

"तू गो," धर्मराजमामा म्हणाले. "दुसरं कोन!"