केबिनमधलं मोठं माणूस

आमच्या भिंगारमध्ये चांगुणाबाईंना सगळे आत्याच म्हणतात. बाजाराच्या टोकाला त्यांचं शिलाईचं दुकान आहे. छावणीतले जवान गणवेश घेऊन तिथं येतात, पँटची उंची कमी करून घेतात, छातीवर नावाची पट्टी शिवून घेतात, आणि जाताना चार शब्द ऐकून जातात. "वाकून उभा ऱ्हाऊ नको, माप चुकतंय," असं आत्या सहा फुटी शिपायाला सांगते आणि तो निमूट ताठ होतो. मी समोरच राहते. मशीनचा आवाज मध्येच थांबला की मला कळतं, कुणाची तरी हजेरी चालू झाली.

आत्याला मूल नाही. पण तिच्या घरात पोरं नाहीत असं वर्ष मी पाहिलेलं नाही. तिचा धाकटा भाऊ बिभीषण पाथर्डी तालुक्यात राहतो. दिवाळी उरकली की तो आणि त्याची बायको रंगुबाई ऊसतोडीला जातात, ते उन्हं तापल्यावरच माघारी येतात. तेवढे महिने त्यांची तिन्ही पोरं आत्याकडे. सगळ्यात थोरला करण, मग स्नेहल, मग रेश्मा. पोरं आली की घरात नियम सुरू व्हायचे. अंधार पडायच्या आत घरात. जेवताना कुणी बोलायचं नाही, आत्या सोडून. मैत्रिणीकडे जायचं तर आधी मैत्रिणीच्या आईचा फोन आला पाहिजे. आत्याचे यजमान आदिनाथराव छावणीच्या बागेत माळी होते, आता घरीच असतात. पोरांबरोबर हे सगळे नियम तेही पाळत आले. मैत्रिणीचा तेवढा त्यांना लागू पडला नाही.

करण नगरला हॉटेलचा कोर्स करून जहाजावर कामाला लागला. मुंबईहून गोव्याला जाणारं मोठं प्रवासी जहाज, आत नाट्यगृह, पोहायचा तलाव, सगळं. तो तिथल्या बेकरीत आहे. गेल्या हिवाळ्यात कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलतीत एक केबिन देऊ केली. करणने आधी वडलांना विचारलं.

"मुकादम सोडायचा न्हाई," बिभीषण उसाच्या फडातून फोनवर म्हणाला. "आन् सोडलं तरी पान्यावर झोपायला मी काय येडा हाय का? पोरींना ने."

पोरी म्हणजे वीस वर्षांची स्नेहल, राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी, आणि सतरा वर्षांची रेश्मा, बारावीतली. दोघींनी जहाजाचे फोटो बघून कुठं उभं राहून कसले फोटो काढायचे तेही ठरवून टाकलं. मग करणचा फोन आला.

"अडचण आहे," तो म्हणाला. "केबिनमध्ये एकवीस पूर्ण झालेलं एक तरी माणूस लागतं. त्याशिवाय देत नाहीत. आणि रेश्मा अठराच्या आतली, तिच्यासाठी आईवडलांची परवानगी वेगळी."

"मग तू आहेस की," स्नेहल म्हणाली. "चोवीसचा घोडा."

"मी कामावर असतो. मला धरत नाहीत. पाशिंजरच्या केबिनमध्ये मला पाऊलसुद्धा टाकता येत नाही."

"मला मत देता येतं. मला लग्न करता येतं. राहुरीला होस्टेलवर माझी मी राहते. उन्हाळ्यात एकवीस पूर्ण होतील. आणि मला माझ्या सख्ख्या बहिणीशेजारी झोपायला मोठं माणूस लागतं?"

"नियम मी केला नाही," करण म्हणाला. "मी पाव करतो."

स्नेहलनं होस्टेलवरच्या आरतीचं नाव सुचवलं. आरती बावीसची, जबाबदार, चष्मा लावणारी. बिभीषणनं सगळं ऐकून घेतलं.

"बावीसची म्हंजी ती बी पोरच की," तो म्हणाला. "चांगुणा येत आसंल तर जा."

हे ऐकून पोरींचे चेहरे उतरले. न जाण्याचाही विचार त्यांनी केला, असं रेश्मानं माझ्याजवळ पुढं कबूल केलं. भिंगारमध्ये आत्यापासून पळायला निदान गल्ली होती. जहाजावर चहूकडून पाणी.

आत्यानं आधी नाही म्हटलं. मग दुकान कोण बघणार म्हटलं. मग आदिनाथराव नुसतं "जा" म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटला याचाच मान राखून ती तयार झाली. गल्लीत मात्र तिनं कोर्टाचं बोलावणं आल्यासारखा चेहरा करून सांगितलं, "पोरींसाठी जावं लागतंय. कंपनीचा नियमच हाय, मोठं मानूस लागतं." हा नियम तिनं भाजीवाल्याला सांगितला, पोस्टमनला सांगितला, आणि मापं द्यायला आलेल्या एका सुभेदाराला दोनदा सांगितला.

त्याच आठवड्यात मी ब्लाउज न्यायला गेले तर मशीनवर जांभळा पंजाबी ड्रेस. बाजूला हिरवा बेतून ठेवलेला.

"हे कुणाचे?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाचं."

ते गिऱ्हाइकाचं माप ती आरशासमोर स्वतःच्या अंगाला लावून बघत होती. आत्याला साडीशिवाय कशात आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं.

पुढचं मी तिघींनी वेगवेगळं सांगितलेलं जुळवून सांगते. तिघी एसटीनं मुंबईला पोचल्या. बंदरावर सामान तपासताना आत्याची कात्री काढून घेतली. "कात्रीबिगर मानूस घराभाईर पडतं व्हय?" असं ती म्हणाली, पण सुईदोरा राहू दिला म्हणून फार ताणलं नाही. मग नावनोंदणीच्या काउंटरवर त्या उभ्या राहिल्या. तिथल्या मुलीनं पडद्यावर बघितलं, तिघींकडं बघितलं, पुन्हा पडद्यावर बघितलं.

"तुमच्या केबिनमध्ये मोठं कोण आहे?"

"मी काय दिसत न्हाई का?" आत्या म्हणाली.

"इथं तुमचं वय एकोणीस आहे."

तिकिटाची माहिती मोबाईलवर रेश्मानं भरली होती. जन्मसाल निवडताना तिचं बोट सरकलं आणि सहासष्टच्या जागी दोन हजार सहा पडलं. म्हणजे कंपनीच्या हिशेबी त्या केबिनमध्ये तीन अल्लड पोरी निघाल्या होत्या. स्नेहलनं कपाळावर हात मारला. आत्यानं वेणी मागून पुढं घेतली.

"कंपुटरमधी हाय म्हंजी आसंल," ती म्हणाली. तक्रारीची तिला काही घाई दिसेना.

"आत्या, आधार कार्ड काढ," स्नेहल दात आवळून म्हणाली.

कार्ड बघून वय सुधारलं. चाळीस वर्षं एका क्षणात वाढली आणि आत्याचा चेहराही तेवढाच पडला. पण सांभाळणाऱ्या माणसाची माहितीच बदलली म्हटल्यावर रेश्माच्या आईवडलांची परवानगी नव्यानं घ्यावी लागणार होती. काउंटरवरच्या मुलीनं बिभीषणला फोन लावला. गर्दीत ऐकू येईना म्हणून तिनं स्पीकर सुरू केला.

"तुमच्या दोन्ही मुली चांगुणाबाईंच्या ताब्यात प्रवास करतायत. तुमची परवानगी आहे का?"

"कुनाच्या?"

"चांगुणाबाई. तुमच्या बहीण."

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"बाई, त्या पोरी जल्मल्यापासून निम्म्या वर्साच्या तिच्याच हायत," तो म्हणाला. "परवानगी तिला इचारा. ऱ्हायलेलं निम्मं वरीस ती मला देती का म्हनून."

"म्हणजे हो का?"

"व्हय."

आत्या वळली आणि पिशवीचा बंद बांधू लागली. बंद आधीच बांधलेला होता, असं रेश्मा सांगते. दोघी बहिणी एकमेकींकडं न बघता उभ्या राहिल्या. दर उन्हाळ्यात आईवडील न्यायला आले की त्या चपला घालायच्या आधीच रस्त्यावर पोचलेल्या असायच्या. मागं दारात आत्या उभी असायची की नाही, हे दोघींनाही आठवेना.

जहाजावर एकवीसच्या आतल्यांना मनगटात नारिंगी पट्टी बांधतात, दारूच्या काउंटरवर ओळखू यावं म्हणून. मोठ्यांना निळी. आत्याच्या निळ्या पट्टीचा दारूशी संबंध आहे हे तिला कुणी सांगितलं नाही. तिला ते अधिकाराचं चिन्ह वाटलं आणि बाही वर सरकवून ती फिरली. केबिनमध्ये शिरताच तिनं नियम सांगितले. ते भिंगारचेच होते. अंधार पडायच्या आत केबिनमध्ये.

जहाज खुल्या समुद्रात गेलं आणि हलायला लागलं. दोन्ही पोरींना मळमळायला लागलं. आत्याला काही झालं नाही. तिनं दोघींना लिंबू चाटवलं, कपाळं चेपली, आणि त्या जरा निवांत झाल्यावर म्हणाली, "पडून ऱ्हावा. मी जरा बघून येते."

अंधार पडला तरी ती आली नाही. फोन केबिनमध्येच होता, चार्जिंगला लावलेला. पोरी आधी हसल्या. मग रेश्मानं खिडकीतून खालच्या काळ्या पाण्याकडं बघितलं आणि हसणं थांबलं. स्नेहल उठली, भिंतीला धरत जिन्यापर्यंत गेली, एकेक मजला शोधत वर चढली. डेकवर दिवे लावले होते. इंदूरकडच्या बायकांचा एक घोळका नाच शिकत होता. त्यांच्या दुसऱ्या ओळीत, जांभळ्या ड्रेसात, ओढणी कमरेला खोचून, आमची आत्या. पावलं चुकत होती, पण थांबत नव्हती.

"अंधार पडला," स्नेहल म्हणाली.

"हितं दिवं हायत की."

"सांगून जायचं कळत नाही? फोन ठेवून गेलीस. आम्ही काय समजायचं? इथं कुणी ओळखीचं आहे का तुझ्या? खालती रेश्मा रडायच्या बेतात आलीय."

हे बोलताना आपण कुणाच्या आवाजात बोलतोय हे स्नेहलच्या ध्यानात आलं, पण तोवर बोलून झालं होतं. इंदूरच्या बायकांचा नाच थांबला. आत्यानं कमरेची ओढणी सोडली, नीट घेतली. तिला असं कुणी बोललेलं नव्हतं. उशीर झाला म्हणून तिची वाट बघत कुणी बसलेलंही नव्हतं.

"चुकलं," ती म्हणाली. मग जिना उतरताना म्हणाली, "रडायच्या बेतात म्हंजी किती?"

"लई," स्नेहल म्हणाली.

आत्याला ते आवडलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी करणला थोडी सुट्टी मिळाली. जेवणघराच्या दाराशी तो येऊन उभा राहिला, पांढरा कोट, पांढरी टोपी. पोरींनी फोटो काढले. आत्यानं त्याला नखशिखांत बघितलं.

"बाही लांब हाय," ती म्हणाली.

"सगळ्यांना एकाच मापाचे देतात, आत्या."

"पिठात बुडत आसंल."

तिनं पिशवीतून सुईदोरा काढला. करण "इथं नको" म्हणेपर्यंत तिनं बाही दुमडून पहिला टाका घातला होता. लोक प्लेटा घेऊन जात येत होते. करणचा वरिष्ठ मागं येऊन उभा राहिला, त्यानं घड्याळ बघितलं, आणि काय चाललंय ते बघून काहीच न बोलता आत गेला.

"जेवतो का येळंवर?"

"आत्या, मी स्वयंपाकघरातच असतो."

"म्हनूनच इचारते. रांधनारी मानसंच उभ्यानं खात्यात."

एक बाही झाल्यावर करणनं न सांगता दुसरा हात पुढं केला. कात्री नव्हती म्हणून आत्यानं दोरा दातानं तोडला. तो आत गेला तेव्हा रेश्मा म्हणाली, "दादा रडत होता का गं?" आणि आत्या म्हणाली, "कांदा चिरला आसंल." तो बेकरीत आहे याची तिला कुणी आठवण करून दिली नाही.

परत आल्यावर आत्या आठवडाभर दुकानात तो हिरवा ड्रेस घालून बसली. जवानांनी काही विचारलं नाही, त्यांना शिस्त असते. आदिनाथरावांनी एकदा "बरा दिसतो" म्हटलं, आणि त्या वर्षातलं त्यांचं बोलणं बहुतेक तिथं संपलं.

एप्रिल लागता लागता बिभीषण आणि रंगुबाई रेश्माला न्यायला आले. रेश्मानं कपडे भरले, दप्तर भरलं, आणि मग भाजी निवडत बसली. आई "चल" म्हणाली तर म्हणाली, "उद्या जाऊ की." मग सगळेच राहिले. संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकून बसलो होतो, मीही होते. रंगुबाईचे हात उसाच्या पाचटानं चिरलेले, ती त्यांना तेल लावत होती. आत्या जहाजाचं सांगत होती. तिच्या तोंडी त्या जहाजाचे मजले दर सांगण्याला वाढतात, पण आम्ही कुणी मोजत नाही.

"पर समुद्र कसा आस्तो?" रंगुबाईनं विचारलं.

आत्या सांगायला गेली आणि अडली. नाच सांगता आला होता, जेवण सांगता आलं होतं.

"पानीच की गं," ती म्हणाली. "जिकडं बघावं तिकडं. संपतच न्हाई."

रंगुबाईच्या गावात फेब्रुवारीपासून टँकर येतो. पाणी कुणाच्या बोअरचं, कुणाच्या विहिरीचं, कुणी किती भरायचं, याच्यावर तिथं बायका आयुष्यभर बोलत आलेल्या.

"कुनाचं हाय ते?" तिनं विचारलं.

"कुनाचंच न्हाई."

रंगुबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली आणि नणंदेकडं नीट बघितलं. नणंद थापा मारते हे तिला लग्नापासून माहीत होतं, पण इतकी मोठी तिनं आजवर मारली नव्हती.