बिनलसणाची चटणी

शेजारी कुणी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली, की मी मनानं खासबागेतल्या आमच्या संस्थेच्या फाटकाशी जाऊन पोचते. वयानं वाढलेली पण बुद्धीनं लहान राहिलेली माणसं तिथं राहतात आणि मी त्यांची देखभाल करते. त्यांतला एक निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातला, मिशा पिकू लागलेला. दर रविवारी त्याची आई बसनं भाकरी आणि बिनलसणाची चटणी घेऊन यायची आणि त्याला दिवस बुडायच्या आत भरवायची, कारण त्यानंतर त्यांच्यात जेवत नाहीत. एका रविवारी तिच्याऐवजी थोरला मुलगा आला. डबा माझ्या हातात देत हळूच म्हणाला, “आई गेली वो आक्का. त्याला सांगू नका, त्याला काय कळतंय?” आणि भावाला न भेटताच निघून गेला. मी ताट वाढलं. तो ते मांडीवर घेऊन फाटकाशी बसला. “आई आली की जेवतो.” चटणीवर माशा बसू लागल्या, समोरच्या पत्र्यावरचं ऊन सरकत सरकत संपलं. मग त्यानं स्वतःच ताट झाकलं, चूळ भरली. “आता न्हाय खायाचं, आई रागावती.” जरा वेळानं विचारलं, “आक्का, आई जेवली व्हय गं, दिवस हाय तवर?” “व्हय,” एवढंच माझ्या तोंडून निघालं. “मग बरं,” म्हणाला आणि उपाशीच झोपला. आताशा चटणी मीच करून नेते. रविवारी दिवस कलला, की तो माझ्या तोंडाकडं बघतो. मी “जेवली” म्हटल्याशिवाय पहिला घास घेत नाही.