तिसऱ्या कंप्युटरवरचं ‘घे गो’

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून पोट धरून हसले आहे. हडळ काय, चकवा काय... मी पायथॉन शिकवते हो! कंप्युटर कधी चुकत नाही, चूक आपली असते, हे मी रोज पोरांना सांगते. म्हणजे सांगायचे. आता ते वाक्य बोलताना जीभ जरा अडखळते.

माझं माहेर शहापूरचं. दिली मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे रस्ता सोडून आत एक गाव आहे तिथे. नवरा बिजवर. पहिली बायको वंदना, तापाने गेली, मूलबाळ नव्हतं. स्थळ आलं तेव्हा सगळे म्हणाले, मुलगा गरीब स्वभावाचा आहे, कंपनीत परमनंट आहे, आणि जी गेली ती गेली. पण गेली कुठे? भिंतीवर फोटोत होती. सासूबाईंच्या तोंडात होती — “वंदनाच्या भाकऱ्या कशा टम्म फुगायच्या!” मुरबाडला एसटी स्टँडजवळ खताच्या दुकानाच्या वर कंप्युटर क्लास आहे, तिथे मला नोकरी लागली, तर पूर्वी तिथेही तीच शिकवायची. खिडकीजवळचा तिसरा कंप्युटर तिचा. क्लासच्या सरांनी मला नेमका तोच दिला, वर कौतुकाने म्हणाले, “वंदना मॅडम इथंच बसायच्या.” मी हसले. आतून जळून खाक झाले.

एकच गोष्ट माझी होती. नवऱ्याची पहिली शिफ्ट, त्यामुळे तो माझ्या आधी घरी येतो. मी जीपमधून उतरून घरात शिरले की चहा तयार असतो. कप पुढे करतो आणि म्हणतो, “घे गो.” बस. दिवसभरात तो माझ्याशी प्रेमाने काय बोलत असेल तर एवढंच. भाकऱ्या तिच्या, खुर्ची तिची, भिंत तिची — असू देत. चहा माझा.

भातकापणी चालू होती, बॅचला पोरं कमी. दुपारी रिकामा वेळ होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — पायथॉन उघडला की तीन बाणांची खूण येते, त्यापुढे सात गुणिले आठ लिहून एंटर मारलं की खाली कोरडं छप्पन्न दिसतं. पण उत्तर कसं दाखवायचं हे आपल्याला बदलता येतं. एक छोटं फंक्शन लिहायचं आणि दाखवण्याचं काम त्याच्याकडे सोपवायचं. मी ते लिहिलं आणि पायथॉन उघडला की आपोआप लागू होईल असं ठेवलं. मग पुन्हा गणित घातलं. उत्तर आलं —

घे गो, ५६

वेडी बाई म्हणा, पण मला इतका आनंद झाला! तिच्या कंप्युटरवर माझ्या नवऱ्याचा शब्द. दुपारभर मी उगाच बेरजा करत बसले.

दुसऱ्या दिवशी पहिलंच गणित घातलं, तर दोन ओळी आल्या. आधी नुसतं ‘घे गो,’ आणि स्वल्पविरामापुढे काहीच नाही. त्याखाली माझी नेहमीची ओळ, उत्तरासकट. वाटलं, दोनदा छापायला सांगितलं असणार. फंक्शन उघडून बघितलं. छापायची ओळ एकच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आधी रिकामं, मग माझं.

चिडून मी सगळं काढून टाकलं. कंप्युटर बंद करून चालू केला. सात गुणिले आठ लिहिलं. माझी ओळ गेली, साधं छप्पन्न आलं. पण त्याच्या वर ‘घे गो,’ तसंच.

मग मी एक प्रयोग केला. नुसती एखादी किंमत साठवायला सांगितली की पायथॉन काही दाखवत नाही, गप्प पुढच्या ओळीवर जातो. दाखवणाऱ्या फंक्शनला तो तेव्हा हाकच मारत नाही. मी लिहिलं, चहा बरोबर एक, म्हणजे ‘चहा’ या नावाखाली एक साठव. एंटर मारलं.

घे गो,

मी सरांना हाक मारली. त्यांनी पायथॉन पार काढून नव्याने टाकला, स्वतः बसून तेच लिहिलं. तेच आलं. “व्हायरस असेल मॅडम,” म्हणाले, पण खुर्ची मागे सरकवून उठले आणि परत त्या कंप्युटरला हात लावला नाही.

घरी सासूबाई भात वाऱ्यावर देत होत्या. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून त्यांना सांगितलं. त्यांना पायथॉन कळला नाही, पण बाकी सगळं कळलं.

“थोरली मागते गो आपला वाटा. तुला कितींदा सांगितलं, तिच्या नावाची पुतळी कर नि गळ्यात घाल. तू आयकतेच नाय.”

आमच्याकडे ही रीत आहे. दुसरेपणावर आलेली बाई पहिलीच्या नावाची चांदीची छोटी पुतळी गळ्यात घालते, नवी साडी आधी तिच्यापुढे ठेवते. मी लग्नातच नाही म्हटलं होतं. घरभर ती आहेच, आता मंगळसूत्राशेजारी पण तिलाच घेऊन फिरू?

पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात पुतळी नव्हती. वेगळाच किडा वळवळत होता. तिला हे दोन शब्द ठाऊक कसे? म्हणजे हा तिलाही असाच चहा द्यायचा... असंच म्हणायचा! मला मिळालं ते उष्टं. नवऱ्याने कप पुढे केला, “घे गो” म्हणाला, आणि मी कप घेतलाच नाही.

“तिला पण असंच म्हणायचात ना?”

“कोणाला?”

“कोणाला काय! वंदनाला. खरं सांगा.”

त्याने कप खाली ठेवला.

“नाय. तिला कधी चहा दिलाच नाय मी. तवा मला येत पण नव्हता. बापयमाणूस चुलीपाशी जातो का, असं होतं घरात.” मग म्हणाला, “तापात होती तवा एकदा बोलली, वाईच चहा द्या. आई शेतावर होती. मी बोललो, येईल आता आई, देईल. आई येईस्तोवर ती झोपली. मंग तिला काय शुद्ध आलीच नाय.”

“आणि तुम्ही शिकलात कधी?”

“ती गेल्यावर.”

मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, ते सगळं तिच्यासाठी नव्हतं. मला मिळालेला एकेक कप मुळात तिने मागितलेला होता. माझी म्हणून जपलेली एकुलती एक गोष्ट, तीही तिच्यामुळेच माझ्याकडे आलेली.

क्लासमध्ये काय घडलं ते मी त्याला सांगितलं. त्याने माझाच कप उचलला, फोटोखालच्या फळीवर नेऊन ठेवला आणि म्हणाला, “घे गो.” मग आत जाऊन माझ्यासाठी दुसरा चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत तिसरा कंप्युटर चालू केला. चहा बरोबर एक, एंटर. काही नाही. सात गुणिले आठ, छप्पन्न. कोरडं, एकटं छप्पन्न. तेव्हापासून आजपर्यंत तसंच आहे.

इथे पायथॉन जाणणारे पुष्कळ असतील. जे फंक्शन काढून टाकलं ते कसं चाललं, आणि जिथे चालायलाच नको तिथे कसं चाललं, याचं उत्तर कुणाकडे असेल तर जरूर द्या. माझ्याकडे नाही. सरांकडेही नाही, ते विषय काढला की हजेरी घ्यायला जातात. पुतळी मी अजून केलेली नाही.

रोज संध्याकाळी मात्र पहिला कप फळीवर जातो, दुसरा मला. मी मुद्दाम अंगणात चपला काढत रेंगाळते, ते ऐकायला नको म्हणून. तरी ऐकू येतं. आणि अजून जळते मी... कारण तिला “घे गो” म्हणताना त्याचा आवाज मला म्हणतो त्यापेक्षा हळू असतो.