माझं माहेर आणि डिकीतली बॅटरी

आमच्या ह्यांची सगळी नोकरी फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. रिटायर होऊन कराडला स्थायिक झालो, पण हात काही स्वस्थ बसेनात. गेल्या वर्षी पाळी आली आमच्या जुन्या गाडीची. बॉनेटखाली ज्या पत्र्यावर बॅटरी बसते तो ॲसिडनं खाऊन त्याची चाळण झाली होती. मुलगा फोनवर म्हणाला, आता भंगारात द्या. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि जाहीर केलं, "बॅटरी मागं डिकीत घेतो."

"आणि माझं माहेर कुठं घ्यायचं?" मी विचारलं.

माझं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला. आई-वडील गेले, आता भाऊ आणि वहिनी. भाताची रास निघाली की आम्ही जातो आणि निघताना भाऊ डिकी भरतो. तांदूळ, नाचणी, घेवडा, हाताला लागेल ते. झाकण गुडघ्यानं दाबून लावावं लागलं, की मगच त्याला बहीण आल्यासारखं वाटतं. बसनं गेलं तर दोन पिशव्यांवर भागवावं लागतं, आणि ते त्याच्या मनाला फार लागतं.

ह्यांनी काम मात्र चोख केलं. जाड केबल गालिच्याखालून नेली, पत्र्यातून आरपार जाते तिथं रबर बसवलं, बॅटरीला खेटून फ्यूज लावला. "वायर कुटं घासली तर फ्यूज जाईल, गाडी जळणार न्हाई," हे मला स्वयंपाक करताना ऐकवलं. बॅटरी पट्टीनं तळाला आवळली, वर झाकणाची पेटी केली आणि गॅस बाहेर जावा म्हणून पेटीतून गाडीच्या खाली एक नळी सोडली.

"बॅटरीला हवा खेळती पायजे म्हणून एवढा थाट! माझ्या स्वयंपाकघरात एक पंखा काही लागला नाही," मी म्हणाले.

"तुझी वाफ तोंडावाटं निघती की," हे म्हणाले.

मेढ्याला भावानं डिकी उघडली आणि तसाच उभा राहिला. "दाजी, ह्यो पेटारा कसला?" ह्यांनी केबलपासून नळीपर्यंत सगळं सांगितलं. भावानं मान डोलावली, पण बघत होता माझ्याकडं. "आक्का, जागाच ठिवली न्हाई. म्हंजे आता येनं-जानं कमीच करायचं व्हय?"

मी हसून वेळ मारून नेली.

निघताना हे फौजी शिस्तीनं सगळं तपासतात. पेटीचं झाकण उचललं आणि ओरडलेच. बॅटरीच्या कडेला, फडक्यात गुंडाळून, आईची फोडणीची लोखंडी पळी उभी घातलेली.

"पावनं, घाटात एक दणका बसला असता आन् ही दोन्ही टोकांवर आडवी पडली असती, तर? डिकीत दिवाळीच!"

भाऊ खाली बघत म्हणाला, "सापट दिसली, घातली. आईची हाय. आक्काला द्यायची ऱ्हायली हुती." मग ओट्यावरचं नाचणीचं पोतं उचलून तो घरात न्यायला निघाला. "ह्ये ऱ्हाऊ द्या मग. न्हाईच मावत तर."

ह्यांनी डिकीचा तळ उचलला, स्टेपनी बाहेर काढली, भावाच्या खांद्यावरचं पोतं घेऊन त्या खड्ड्यात बसवलं आणि ती स्टेपनी ढकलत ओट्यापाशी आणली. जो माणूस स्टेपनीची हवा बघितल्याशिवाय मंडईतसुद्धा गाडी नेत नाही, त्यानं!

"ही ऱ्हाऊ द्या हितं," हे म्हणाले. "न्यायला पुढल्या म्हैन्यात यावंच लागंल."

भावानं स्टेपनी दोन्ही हातांनी उचलली. वहिनी म्हणाली, गोठ्यात ठेवा. "गोठ्यात नगं," तो म्हणाला, "माजघरात ठिवतो." मला त्या घडीला आमचे हे फार आवडले.

घाट उतरेपर्यंत गाडी बैलगाडीच्या चालीनं आली. पळी माझ्या मांडीवर. मी ह्यांना एकदाही टोचून बोलले नाही. सातारा यायच्या आत ह्यांनी दोनदा विचारलं, "अगं, बरं वाटत न्हाई का?"