भाऊजींच्या नावाची खोली

"सगळं तुमच्याच नावाखाली का ठेवलंत, ते आधी सांगा!" छापखान्याच्या मालकीणबाई कडाडल्या, तेव्हा मी डबा घेऊन दाराबाहेर उभी. आत माझे धाकटे दीर. तिथले संगणक तेच सांभाळायचे.

"हाताशी असावं म्हणून, बाई."

"हाताशी की मुठीत? उद्या तुम्हाला काढलं तर माझं काम बंद पाडायचा बेत दिसतोय."

भाऊजींची शंका मलाही आलीच. हा माणूस घरात चहाची साखरसुद्धा कुलपात ठेवायचा!

मला त्यातलं काय कळतंय; त्यांनीच पुढे समजावलं. संगणक चालवणाऱ्या त्या लिनक्सच्या कारभारात म्हणे ज्याची त्याची एक खोली असते, आणि बाहेरून आणलेल्या प्रोग्रामांसाठी ऑप्ट नावाची वेगळी, सगळ्यांची. भाऊजींनी पानं जुळवायचा प्रोग्राम टाकला होता स्वतःच्या खोलीत. आळस म्हणा, लबाडी म्हणा.

बाईंनी लबाडीच धरली. भाऊजी रजेवर गेल्याबरोबर भाच्याला सांगून त्यांचं खातं उडवलं, खोलीसकट. सकाळी पानं जुळवायला बसलेल्यांच्या हाती भोपळा! "बघा, सुरुंग लावूनच ठेवला होता," म्हणत बाईंनी आमच्याकडे माणूस धाडला.

मी विचारलं, "भाऊजी, खरं सांगा, मुद्दाम केलंत?"

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"मीच आधी. साखर कुलपात कोण ठेवतं?"

हसले आणि चपला पायात सरकवल्या. गेले आणि बाईंच्या डोळ्यांदेखत सगळं ऑप्टमध्ये नव्यानं बसवलं. म्हणाले, "आता मला काढलंत तरी तुमचं काही अडायचं नाही."

बाईंनी काढलं नाही. विश्वासही ठेवला नाही. पुढे कितीतरी वर्षं ते काही बसवायला लागले की ह्या खुर्ची ओढून पाठीशी! पडद्यावरचं ओ की ठो कळायचं नाही, पण डोळे वटारलेले.

हृदयाच्या ऑपरेशनला गेलेले भाऊजी परत आले नाहीत. आदल्या दिवशी छापखान्यात नवा प्रोग्राम बसवायचा होता. "आज तरी राहू द्या," मी म्हटलं. ऐकतील तर शपथ. बसवला ऑप्टमध्ये. मग नेहमीसारखे उठले, इतरांनाही चालतो का बघायला जुळणी करणाऱ्या मुलीला तिच्या खात्यातून उघडायला लावलं. उघडला.

"तुमच्या खोलीत काही राहिलं नाही ना?" बाई.

"या, बघून घ्या."

बाईंनी वाकून बघितलं. भाऊजींनी चहाचा कप विसळला, पालथा घातला आणि चालत घरी आले.