बापसाचा कोट

मोखाड्यातली माझी शेजारीण म्हातारी दर उन्हाळ्यात वडिलांचा फौजेतला लोकरी कोट उन्हात वाळत टाकायची, खिशांत निरगुडीचा पाला भरायची. वडील फौजेतून परत आलेच नाहीत, कोट तेवढा आला होता.

एवढं करूनही कॉलरला कसर लागायचीच. "घामाच्या जागीच कीड लागते, आजी. एकदा धुवा," मी सांगायचो.

"धुतला त बापूस कुठं ऱ्हाईल, मास्तर?" कॉलर हुंगत ती म्हणायची.

यंदा कॉलर निम्मीच उरली, तेव्हा तिनं कोट धुतला. गढूळ पाणी मी मोरीत ओतायला निघालो, तर तिनं बादली ओढून घेतली आणि आंब्याच्या बुंध्याशी सावकाश रिकामी केली.

"बापसाला माती दिली," ती म्हणाली.

कोट आता टिकेल. ती मात्र त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.