पहिला मासा नदीचा

आई गेल्यावर बाबांनी जेवण सोडलं. रुसून नव्हे. रुसलेल्या माणसाला मनवता तरी येतं. ते पानावर बसायचे, भातात बोटं फिरवायचे आणि "नको वाटतंय गं" म्हणून उठायचे. जागा बदलली, नात समोर दिसली की दोन घास जातील, या आशेने मी त्यांना व्हिजिट व्हिसावर दोह्याला आणलं. जागा बदलली, घास काही जाईनात. डॉक्टरांनी होत्या नव्हत्या त्या तपासण्या केल्या, काहीच सापडलं नाही. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. मी आणखी थोडे दिवस मागून घेतले.

वर्ल्ड कपच्या तयारीची वर्षं होती ती. अख्खं शहर उकरून ठेवलेलं. माझा नवरा रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर, म्हणजे ज्या डायव्हर्जनांना सगळं दोहा शिव्या घालायचं, ती आमच्याच घरच्या लॅपटॉपवर जन्माला यायची. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: वर्ल्ड कपच्या आधी हे झालं पाहिजे, ते झालं पाहिजे. मुशैरिब भागातल्या माझ्या ऑफिसातून मी क्रेन बघत बसायचे आणि मनात यायचं, तोवर बाबा असतील का? मग स्वतःलाच झापून कामाला लागायचे.

एका गुरुवारी संध्याकाळी मी पापलेट तळलं. बाबांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "विकतचा मासा उतरत नाही घशाखाली. धरलेला असता तर खाल्ला असता."

त्यांनी खाण्याबद्दल स्वतःहून काही बोलावं, हे आई गेल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं. बाबा वारणाकाठच्या गावात शाळामास्तर. आठवडाभर पोरांना गणित शिकवायचं आणि रविवारी गळ घेऊन नदीवर जाऊन बसायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने लगेच ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. हा मित्र रत्नागिरीचा, दर वीकेंडला गळ घेऊन समुद्रावर पडीक असणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी, शुक्रवारची सुट्टी साधून, आम्ही दोन्ही कुटुंबं समैस्माला निघालो. तिथे मित्राने दोन दिवसांसाठी किनाऱ्यालगतचं एक घर ठरवलं होतं.

वाटेत नवरा स्वतःच आखलेल्या डायव्हर्जनमध्ये हरवला. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन.

बाबांनी आमिष घरूनच करून घेतलं होतं. कणीक, दाण्याचं कूट आणि चिमूटभर हिंग, त्यांच्या नदीवरचं. मला घट्ट मळायला लावून त्यांनी गोळा दोनदा चिमटीत धरून तपासला. मित्राने डबा उघडून वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"काका, ह्यो समुद्र हाय. हितं कोलंबी लागते. कणीक पाण्यात विरघळून जायची."

बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घरासमोरच्या धक्क्यावर खुर्चीत बसून ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि मग मला विचारलं, "पाणी कुठल्या अंगाला वाहतंय गं?"

"आजोबा, दिस इज नॉट अ रिव्हर," माझी मुलगी म्हणाली.

"पाणी म्हटलं की वाहतंच," बाबा म्हणाले आणि गळ टाकून बसले.

शुक्रवारी कुणालाच काही लागलं नाही. ना कणकेला, ना कोलंबीला. बाबांनी दिवसभरात अर्धा कप चहा घेतला. शनिवारी सकाळी ते डुलकी घेत असताना माझ्या नवऱ्याने एक शहाणपणा केला. बाजारातून आणलेला लहानसा हामूर मासा हळूच त्यांच्या गळाला अडकवून पाण्यात सोडला आणि "बाबा, लागला, लागला" म्हणून त्यांना उठवलं. बाबांनी दोरी ओढली, मासा हातात घेतला, डोळ्यांत बघितलं, नाकाशी नेला.

"बर्फातला आहे," ते म्हणाले. मग वर्गात कॉपी पकडल्यावर म्हणत त्याच आवाजात, "खोटं बोलू नये."

बेचाळीस वर्षांचा माझा नवरा कान धरल्यासारखा उभा राहिला. मित्राची बायको तोंडावर ओढणी धरून आत पळाली.

आणि दुपारनंतर खरंच लागला. दोरी ताणली गेली, मित्र धावला. वर आली ती साफी. हातभर नव्हे, पण चांगली तळव्याएवढी, चमचमती. "कणकेला लागली बघा, काकांच्या कणकेला," मित्र म्हणत होता. "जपून हां, हिचा काटा विषारी." मित्राच्या बायकोने आत कढई ठेवलीसुद्धा. मी मनातल्या मनात मासा साफ केला, हळद-मीठ लावलं, तांदळाच्या पिठात घोळवला, बाबांच्या पानात वाढला. पहिला घास मीच भरवणार होते.

बाबांनी फडक्यात धरून गळ अलगद सोडवला. मग वाकले, आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"पहिला नदीचा," ते म्हणाले. हसलेसुद्धा. "दुसरा आपला."

नवऱ्याचा हात हवेतच राहिला होता. तेव्हा मला आठवलं. लहानपणीचा प्रत्येक रविवार आठवला. पहिला मासा परत द्यायचा, हा बाबांचा नियम. आई चूल पेटवायची तीसुद्धा दुसऱ्या माशाची वर्दी आल्यावर. दोन दिवस एवढी धडपड करताना मला हे एकदाही आठवू नये? दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्मसुद्धा पुण्याचं होतं, रागावायचं कुणावर?

आम्ही दुसऱ्याची वाट बघत बसलो. मित्राने माझ्या पोरीकडून सगळी कोलंबी बाजूला करवली, सगळ्यांच्या गळांना बाबांची कणीक लावली. "यल्ला, चल, एक तर ये," तो पाण्याला म्हणत होता. मी देवाला म्हणत होते. माझ्या मुलीने पाण्यात डोकावून पहिल्यांदाच अख्खं मराठी वाक्य उच्चारलं, "ये ना रे माशा." ऊन उतरलं, पाणी काळपट झालं. गळ हलला नाही. आत कढईतलं तेल गार झालं.

"निघू या का, बाबा?"

"दुसरा लागला की जेवतो," ते म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, हेच जास्त लागलं. भूक होती त्यांना. पहिल्यांदाच भूक होती.

नंतरचे दिवस तेच. मी ताट वाढायचे, ते मायेने बघायचे आणि म्हणायचे, "दुसरा लागला की." पुढच्या शुक्रवारी त्यांना चार पावलं चालवेना, मग समुद्र कुठला? नवरा आणि मित्र तेवढे जाऊन रिकाम्या हाताने परत आले.

नळी घालायच्या दिवशी नर्स ट्रे घेऊन आली तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी वाकले. "बाबा, दुसरा लागला. तळते. खाणार ना?"

त्यांनी डोळे उघडले. क्षणभर डोळ्यांत काहीतरी हललं. माझा हात धरला, तळवा उलटा केला आणि नाकाशी नेला. हाताला हॉस्पिटलच्या सॅनिटायझरचा वास होता.

"खोटं बोलू नये," बाबा म्हणाले, आणि हात परत माझ्या मांडीवर ठेवला.

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून हो म्हणाले.